वहिनीने तक्रार कुठे करायची?

वहिनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. दादाला हाक मारून उपयोग नसे. पत्र्याच्या कारखान्यात माझ्या या भावाचे कान गेले. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, तो डोळे उघडायचा, की ही गोदामाच्या गाडीसाठी पळायची. गोदाम एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचं. पाळीभर उभ्याने खोकी बांधायची. मी जन्मभर पोती उचलली, तरी सांगतो, उभ्याने केलेलं हलकं काम माणसाला जास्त मोडतं.

हे सगळं दादाच्या कानाच्या यंत्रासाठी. कंपनीने अशा यंत्रांचे भाव इतके पाडले की बाजारातल्या यंत्रवाल्याने दुकान बंद केलं. मग कंपनीने भाव चढवले. दुसरीकडे मिळेना, म्हणून वहिनीने माझ्या फोनवरून तिथूनच मागवलं. ते नुसतं शिट्टी मारायचं. तक्रार केली तर उत्तर आलं, परत घ्यायची मुदत संपली. खाली कुणाचं नाव नाही.

वहिनीला वाटलं, आपण तर त्यांच्याच घरात राबतो. यंत्र डबीत घालून तिने सुपरवायझरपुढे ठेवलं.

"इथं नाही घेत, मावशी. अ‍ॅपवर टाका."

"टाकलं. ते वाचणारे कुठं बसतात?"

"मला तरी कुठं माहीत?"

सुटताना फाटकावर झडतीत डबी सापडली. कंपनीचा माल, बाहेर कसा चालला? तक्रार घ्यायला एक माणूस नव्हता, चोर धरायला तिघे होते. नोकरी जायची वेळ आली. निरोप आला तसा मी दादाला घेऊन गेलो, फोनवरची पावती दाखवली.

"यंत्र तुमचंच का?" पहारेकऱ्याने दादाला ओरडून विचारलं.

दादाला काही कळलं नाही. तो वहिनीकडेच बघत होता.

"सकाळपासून उभी आहे ती," तो म्हणाला. "आधी बसायला द्या तिला."

पहारेकऱ्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं आणि डबी तिच्या हातात दिली.

कंपनीने पैसे परत दिले नाहीत. वहिनीने आणखी वर्षभर खोकी बांधली आणि जुन्या यंत्रवाल्याचं घर शोधून काढलं. त्याच्याकडून घेतलेलं यंत्र महाग पडलं.

"पडू दे," ती म्हणाली. "बिघडलं तर याचं दार वाजवता येतं."

त्याने यंत्र दादाच्या कानात बसवलं. वहिनीने विचारलं, "येतंय का हो ऐकू?"

दादा तिच्याकडे वळला. "एवढं हळू बोलतेस तू? तुझं तोंड बघून मला वाटायचं, ओरडतेस."

"ओरडतच होते," वहिनी म्हणाली.