चांगुणामावशीची मशीन

फूड प्रोसेसर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग सोबत किती भांडी आणि किती पाती मिळतात ते विचारतं, आणि एवढं सगळं झाल्यावर शेजारणीने घेतलाय तोच मागतं. सासऱ्यांच्या मागे पनवेलच्या बाजारातलं हे दुकान मी सांभाळते. तेव्हा माणूस पायरी चढला की तो काय घेणार हे मला कळतं, असा माझा समज होता. चांगुणामावशीने तो पहिल्याच भेटीत मोडीत काढला. आखूड नेसलेलं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, हातात बाजाराची पिशवी. तिने पिशवी खाली ठेवली, समोरच्या फूड प्रोसेसरवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे घट्ट मिटले.

मला वाटलं, हिला भोवळ आली. मी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला.

"पानी नको, बाय," डोळे न उघडताच ती म्हणाली. "झाकन कसा लागतं ता बघतंय."

मांडलेली एकेक मशीन तिने अशीच हाताने पाहिली. झाकण काढायचं, भांडं फिरवून सोडवायचं, आतली पाती वरच्या दांड्याला धरून उचलायची, आणि सगळं परत जागच्या जागी बसवायचं. झाकण लावताना जरा चाचपडावं लागलं की ती मशीन बाद. मी माझ्याकडची सगळ्यात खपणारी मशीन पुढे सरकवली, पात्यांचा भरगच्च डबा असलेली. तिने डबा चाचपला आणि म्हणाली, "इतक्या पात्या? मना बोटा तरी इतकी हायेत का?" मग मी महागातली दाखवली. तिला बटण नव्हतं, नुसत्या गुळगुळीत काचेला बोट लावायचं. मावशीने काचेवरून तळवा फिरवला, परत फिरवला. "ही मुकी हाय," ती म्हणाली. "काय बोलतच नाय."

शेवटी तिने निवडली ती माझ्या दुकानातली सगळ्यात साधी मशीन. मोठी गोल कळ, फिरवली की हाताला खटके लागणारी. भांडं, झाकण नीट बसलं की खट वाजणारी, आणि झाकण लागल्याशिवाय काही केल्या सुरू न होणारी.

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "मावशी, आता डोळे उघडून रंग तरी बघा."

"रंग किती दिस दिसनार हाय?" घरातली साखर संपत आली असं सांगावं, तशी ती बोलली. काचबिंदू होता. औषध चालू होतं, पण गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीचाही भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "नजर हाय तवर हातांना शिकवून घेतंय," ती म्हणाली. दुकानात मी रोज शेकडो गोष्टी ऐकते आणि दुकान बंद करताना विसरते. हे वाक्य मात्र मी घरी घेऊन गेले.

घरी तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ती गव्हाणची. मुलगा हरेश, त्याचे मातीच्या भरावाचे डंपर चालायचे. नवा बंगला, हॉलमध्ये हा एवढा सोफा. विळीला ती मोरली म्हणायची. त्या मोरलीवर तिचं बोट जरासं कापलं, तर हरेशने मोरलीच माळ्यावर टाकली होती. "डोल्यांचा कललं तं सयपाकाला बाई ठेवील आनि मना सोफ्याव बसवील," ती म्हणाली. "देवासारखी. निवेद दाखवतील, पन चुलीपाशी जाव देनार नाय. बाय, माज्या लेकाला सांगू नको." मी नाही सांगितलं.

त्यानंतर बाजाराला आली की ती दुकानात टेकायची. मशीन कशी चाललीय असं विचारलं की खूश व्हायची. "खोबऱ्याचं तुकडं टाकलं का पयली दगडावानी वाजते. मंग आवाज बारीक होत जातं. गप झाली का वाटन झाला." भांडं गच्च भरणाऱ्या सुनेवर तिचा राग होता: "आरधा भर, माजे आये. पुऱ्या भरलेल्या भांड्यात काय फिरत नाय, मानसाच्या डोक्यातपन नाय." पाती धुतली की दुसऱ्या भांड्यांत टाकायची नाही, लगेच तिच्या खुंटीवर, हा तिच्या घरचा कायदा होता. कांदा चिरायला, खोबरं-लसूण वाटायला मशीन चालायची, पण भाकरीच्या उकडीला तिने ती कधी लावू दिली नाही. "ती हातानूच मलायची. मशीनला काय कललं, मऊ कवा झाली?" तिचं हे सगळं मी माझं म्हणून गिऱ्हाइकांना सांगत असे, आणि माझा माल खपत असे.

एका वर्षी गावच्या जत्रेआधी मावशी आली ती हरेशच्या गाडीतून. त्याच्या खांद्यावर मोठा खोका. वाशीहून आईसाठी आणलेली नवी मशीन त्याने माझ्या टेबलावर ठेवली. तीच, काचेची.

"आये बोलते, तुमीच शिकवा," तो म्हणाला. "सगला ऑटोमॅटिक हाय. नुसता बोट लावाचा. जुनी टाकली माल्याव. जत्रेला आयेनी त्रास नाय काराचा, काय?" आईला सगळ्यात भारी वस्तू आणल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. मी मावशीकडे पाहिलं. तिने खूण केली, मशीन जोडून दे. मी वायर लावली.

"हरेश," ती म्हणाली, "डोले मिट."

"का गो?"

"मिट बोलतंय ना."

एवढा धिप्पाड माणूस, गळ्यात सोन्याची साखळी, पण आईने सांगितल्यावर मुकाट्याने डोळे मिटून उभा राहिला.

"आता चालू कर हिला."

तो हसत हसत काचेवर बोटं फिरवू लागला. इकडे लावलं, तिकडे लावलं. काच कुठेही सारखीच. मशीन एकदा पीं करून वाजली आणि बंद पडली. त्याचं हसू हळूहळू उतरलं. "असा कसा कललं, आये? दिसाला नको?"

"मना असाच हाय आता," मावशी म्हणाली. "तू समोर उबा हायस, तं तुजा तोंड हाय यवरा दिसतं. बाजूचा सगला गेला. ह्यापन जानार."

हरेशने डोळे उघडले. मला वाटलं, तो माझ्यावर चिडेल, आईवर चिडेल, नाहीतर तिथेच रडेल. पण त्याने वायर काढली, मशीन खोक्यात भरली आणि खोक्यावर हात ठेवून विचारलं, "मंग जत्रेचा जेवन कोन करनार?"

"मी," मावशी म्हणाली. "तू फकस्त माल्यावरची मशीन खाली काढ."

त्याने काढली. जत्रेला मला आग्रहाचं बोलावणं होतं. मावशी जमिनीवर बसली होती, मशीन पाटावर, हाताशी भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याची परात. आलेल्या लेकी-जावा कडेने उभ्या. मशीन ओरडली की मावशीची मान जरा कलायची, आणि आवाज बारीक झाला की तिचा हात कळीवर आधीच गेलेला असायचा. मटणाच्या रश्श्याला लोक बोटं चाटत होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी पंगतीत मी दोन्ही बाजूंना सांगत सुटले, की ही मशीन माझ्या दुकानातली. खरं तर मला मशीनचं कौतुक नव्हतं. माझं गिऱ्हाईक म्हणून त्या बाईचा मला इतका अभिमान वाटत होता, की तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

पुढे तिची नजर पुरती गेली. चूल गेली नाही. मावशी वारली त्याच्या आधीच्या आठवड्यातही तिने कोळंबीचं कालवण केलं होतं, असं सुनेने मला सांगितलं.

परवा हरेश दुकानात आला. केस पिकलेत. काखेत तीच जुनी मशीन, झाकणाचं रबर झिजलेलं. "जत्रा आलीय," तो म्हणाला.

"वाटण आता कोण करतं?"

"मीच," तो जरा लाजला. "बाकीच्यांना आवाज नाय कलत."

मी रबर शोधायला मागच्या खणाकडे वळले. सापडलं तेव्हा वळून पाहिलं, तर तो टेबलाशी मान खाली घालून उभा होता. दोन्ही हात झाकणावर, डोळे घट्ट मिटलेले. खट असा आवाज येईपर्यंत मी त्याला हाक मारली नाही.