दीडशे वासरं आणि अकरा गाई

नोकरी लागून दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा मी आमच्या गावातल्या जनावरांची मोजणी केली, आणि कागदावर दीडशे वासरं अन अकरा गाई निघाल्या. अकरा गाईंना दीडशे वासरं कशी झाली, हा प्रश्न मला पडला नाही. मी तिसरी-चौथीच्या मुलांना गणित शिकवत होते, तरी पडला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. आमचं गाव मालेगाव-वाशीम रस्त्यापासून कोसभर आत, आणि जिल्हा तेव्हा अकोला. शाळा दोन शिक्षकांची. सरकारी मोजणी आली की ती शिक्षकांच्या गळ्यात पडते आणि दोन शिक्षकांत ती नव्याच्या गळ्यात पडते, त्यामुळे ती माझ्याकडे आली. हेडमास्तर म्हणाले, तुमचं तर गावच आहे हे, तुम्हाला काय अवघड.

गाव माझं होतं, पण त्यातले गोठे माझे नव्हते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकडे. घरी दोन शेळ्या आणि चार कोंबड्या असत. त्यामुळे तरण्या शेळीला पाट म्हणतात, अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात, एवढं मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गाय-म्हैस मात्र आमच्या दारात कधी बांधली गेली नाही. गाय ती गाय, तिचं पिल्लू ते वासरू, आणि नांगराला असतो तो बैल, इथे माझं ज्ञान संपत होतं.

याचं एक कारण गरिबी आणि दुसरं बाबा. छप्पन्न सालापर्यंत गावातली मेलेली ढोरं ओढून नेणं, सोलणं हे काम आमच्या वस्तीच्या वाट्याला होतं. त्या वर्षी वस्तीने धम्म घेतला आणि ते काम सोडलं. बाबा तेव्हा पंचविशीतले होते आणि मी तीन-चार वर्षांची. नंतर ते लोकांच्या शेतात मजुरीला गेले, विहिरी खोदायला गेले, पण कोणाच्या गोठ्यात पाय ठेवला नाही. ढोरांचा विषय निघाला की ते उठून बाहेर जाऊन बसत. मी मोठी होताना मनाशी धरून चालले की त्यांना त्या दिवसांची लाज वाटते, आणि घरात तो विषय काढायचा नाही.

मोजणीचा फॉर्म चादरीएवढा होता. गाईंचे रकाने वेगळे, म्हशींचे वेगळे. त्यात तीन वर्षांच्या खालचे, तीन वर्षांच्या वरचे. वरच्यांत कामाचे, पैदाशीचे, दुभत्या, भाकड, अजून न व्यालेल्या. मी पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर तो घडी घालून लावला आणि आठवडाभर शाळा सुटल्यावर घरोघर फिरले. ज्यांच्याकडे गेले त्यांनी ओट्यावर बसवलं नाही, पण उत्तरं दिली.

उत्तरं अशी होती. गोठ्यात माझ्या छातीला लागेल एवढं जनावर उभं आहे, शिंगं हातभर, आणि मालक सांगतोय, "वासरू हाये, लिव." शेजारी दुसरं. "ते बी वासरूच." एका म्हातारीने दारातल्या गाईला कालवड म्हटलं आणि तिच्याच आचळाला लागलेल्या पिल्लाकडे मी बोट दाखवलं तर म्हणाली, "ते नको लिवू, ते लहान हाये." मी मालकाने सांगितलं तेच लिहायचं असं ठरवलं होतं. फॉर्मच्या पाठीमागच्या सूचनांतही तसंच छापलेलं होतं.

मला माहीत नव्हतं ते हे की आमच्या भागात जनावराचं खरं नाव परक्यापुढे घेत नाहीत. भरल्या अंगाचा बैल आहे असं म्हटलं की त्याला नजर लागते, म्हणून तो गोऱ्हा. गाय चांगली दुधाची असली तर ती कालवड, आणि विचारणारा सरकारी असला तर सगळीच वासरं. गोठ्यावाल्या घरात वाढलेल्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही. तो मालकाचं ऐकतो, जनावराकडे पाहतो आणि मनातल्या मनात एक पायरी वर चढवून लिहितो. मी ऐकलं तसं लिहिलं.

वाशीमला तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी फॉर्म पाहिला आणि बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. मग म्हणाले, "बाई, या गावच्या गाई बहुतेक भलत्याच कर्तबगार आहेत." खोलीतले दोघे कारकून हसले. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी मला कोरा फॉर्म दिला, आठ दिवसांची मुदत दिली, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही याची आठवण करून दिली. या वेळी चुकलं तर त्यांना वर तसं लिहावं लागेल, असंही सांगितलं.

गावात जनावरांची खरी नावं सांगेल असा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता आणि त्याला विचारायचं नाही हे मी लहानपणापासून शिकले होते. दोन दिवस मी तसेच घालवले. तिसऱ्या संध्याकाळी जेवताना सगळं सांगून टाकलं. वासरं, गाई, साहेब, हसणारे कारकून, कायम न झालेली नोकरी. आई म्हणाली, "त्यायले कायले गोवतं त्यात." बाबांनी ताटातली भाकर संपवली, हात धुतला आणि मला वाटलं की आता ते बाहेर जातील.

ते गेले नाहीत. म्हणाले, "मेल्या ढोराले हात लावनार नाई असं म्हनलो होतो म्या. जित्त्याकडे पाह्यनार नाई असं नोतं म्हनलं." मग हात पुसत, "पन गोठ्यात येनार नाई कोनाच्या. आखरावर बसतो."

आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी गावातली सगळी ढोरं तिथे जमतात आणि ढोरकी त्यांना रानात चारायला नेतो. बाहेर पडायची वाट दोन बांधांमधून जाते, एका वेळी एक-दोन जनावरं जातील एवढीच. बाबा त्या वाटेच्या तोंडाशी दगडावर बसले, हातात छत्री. मी मागे उभी. हे सगळं उजाडल्यावर, गावाच्या डोळ्यांसमोर.

पहिलं जनावर आलं. बाबांनी मान न वळवता सांगितलं, "कालवड. तीन वर्साच्या वर, फळली नाई अजून." फळणं म्हणजे गाभण राहणं. मी लिहिलं. "गोऱ्हा, दोन दाती. जू नाई लागलं याले." लिहिलं. "हे गाय. तीन वेतं झाले." तीनदा व्याली हे कसं कळलं विचारलं तर म्हणाले, "शिंगाच्या बुडाशी वळी पाह्य. एका वेताची एक." म्हशींतली तरणी ती वगार, व्याली की म्हैस, नर तो हेला. दूध आटलं की भाकड, आणि भाकड म्हणजे म्हातारी नव्हे, हे दोनदा बजावलं. दाताचं त्यांनी एकाही जनावराचं तोंड न उघडता सांगितलं. चालीवरून कळतं, मानेखालच्या पोळीवरून कळतं, असं ते म्हणत. मला त्यात काही कळत नव्हतं. मी फक्त लिहीत होते आणि हा माणूस मी आजवर पाहिलाच नव्हता असं मला वाटत होतं.

गावाची रीत वयावर चालत नाही हेही तिथे उमगलं. फॉर्म वर्षं विचारतो. गाव विचारतं, जनावराचं झालं काय? पाच वर्षांची असली तरी व्याली नाही तोवर ती कालवडच. खांद्यावर जू आलं नाही तोवर तो गोऱ्हाच. बाबा दोन्ही सांगत होते, आधी गावाचं, मग फॉर्मचं.

एका तांबड्या गाईला त्यांनी जास्त वेळ पाहिलं. तिचं एक शिंग खाली वळलेलं होतं. ती पुढे गेल्यावर म्हणाले, "हिच्या मायच्या मायले म्या ओढलं. शिंग असंच होतं." त्या तीन दिवसांत जुन्या कामाचा तेवढाच उल्लेख त्यांनी केला, आणि सहज केला. नाल्याकडे पाहून पाऊस येईल असं म्हणावं तितका सहज.

गावातले लोक सुरुवातीला लांबून पाहत होते. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी जवळ आला. त्याचा पांढरा बैल गावात सगळ्यांत मोठा होता आणि त्याने मला तो वासरू म्हणून लिहायला लावला होता. बाबांनी त्याच्यासमोरच सांगितलं, "बैल. जुळून चार वर्सं झाले." जुळला म्हणजे सगळे दात आले. म्हातारा कसनुसा हसला. "नजर लागते ना बाप्पा, म्हनून म्हनलं होतं पोरीले." मग बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुह्याएवढं कोनाले समजनार? तुमचं तं पिढीजातच हाये."

बाबा म्हणाले, "हो." आणि पुढचं जनावर सांगितलं. मी मात्र ते शब्द घेऊन घरी गेले. जेवताना ते होते, झोपतानाही होते. म्हातारा आखरावर हसून बोलला ते वाशीमला कचेरीत कोणी बोललं तर काय होईल, याचीच मला धास्ती पडली.

मुदतीच्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले. त्यांना वाशीममध्ये छत्रीची काडी बसवून घ्यायची होती, असं ते म्हणाले. मला वाटतं त्यांना फॉर्म पास होताना पाहायचं होतं. ते साहेबांच्या खोलीबाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दार उघडं होतं.

साहेबांनी रकाने बोटाने तपासले, बेरजा पाहिल्या आणि खूश झाले. "आठ दिवसांत एवढं? अहो, गुरांच्या दवाखान्यातल्या आमच्या स्टॉकमनलाही हे जमत नाही. कोणाकडून करून घेतलंत?"

मी म्हणाले, "वडिलांनी सांगितलं."

"अस्सं. घरी गुरंढोरं आहेत वाटतं?"

मी हो म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण मी पुढे गेले. आमच्याकडे पहिल्यापासून गुरं आहेत, म्हणाले. वडील शेतकरी आहेत, दोन बैलजोड्या आहेत. हे बोलताना माझा आवाज अडखळला नाही. साहेबांनी मान डोलावली आणि सही केली.

बाहेर आलो. बाबांनी छत्री काखेत घेतली आणि आम्ही बसस्टँडपर्यंत चालत गेलो. काडी बसवायचं त्यांनी काढलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. स्टँडवर गाडीची वाट पाहताना ते म्हणाले, "दोन बैलजोड्या म्हनली तू."

"हो."

"काहून?"

मी म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं असतं. सगळ्यांसमोर ते निघालं असतं तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मले काहून वाईट वाटन? काम होतं ते. चोरी नोती. आमच्यावर लादेल होतं, म्हनून सोडलं. लाजेनं नाई सोडलं म्या." मग म्हणाले, "घरी बोलत नोतो, ते तुमी शिकाव म्हनून. त्या वासात तुमचं ध्यान जाऊ नये म्हनून."

मग गाडी आली. मला बसायला जागा मिळाली, ते मागे दांडा धरून उभे राहिले. मालेगावच्या रस्त्याला लागल्यावर मला फार लाज वाटली. ती जुन्या कामाची नव्हती, माझ्या तोंडून एवढ्या सहज निघालेल्या दोन बैलजोड्यांची होती. वीस वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्याला लाज समजत आले आणि ती लाज सबंध माझी होती.

फाट्यावर उतरलो. गावापर्यंतचा कोसभर रस्ता ते पुढे आणि मी मागे. नाला ओलांडल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी उद्या कचेरीत जाऊन खरं सांगते."

ते चालत राहिले. मागे न पाहता म्हणाले, "आता कायले? त्यायच्या कागदात त्याले रकाना नाई."

मी गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझी नोकरी कायम झाली, आणि साहेबांनी शेऱ्यात शेतकरी कुटुंबातील अनुभवी शिक्षिका असं लिहिलेलं मी बाबांना कधीच वाचून दाखवलं नाही.