मुकादमसाहेबांना हवं होतं बंदुकीचं राज्य

"कॅलिफोर्निया आधीच काढून टाका मॅडम," मुकादमसाहेब खुर्चीत बसता बसता म्हणाले. "हवा कितीही चांगली असू दे."

"का हो? तिथे कुणाशी भांडण झालंय?"

"भांडण नाही. मला गन-फ्रेंडली स्टेट पाहिजे."

मी पेन खाली ठेवलं.

मी दुबईत रीलोकेशनचं काम करते. एखादं कुटुंब इथून दुसऱ्या देशात जाणार असलं की त्यांना शहर, घर आणि शाळा शोधून द्यायची, सामान हलवायची व्यवस्था लावायची आणि नवरा-बायकोचं भांडण विमानात बसेपर्यंत आटोक्यात ठेवायचं. शेवटचं काम बिलात नसतं. आजवर लोकांनी माझ्याकडे काय काय मागितलंय! कुणाला चालत जाता येईल असं जैन देरासर हवं होतं. एका बाईंना सासूबाईंपासून निदान दोन टाइम झोन लांब जायचं होतं. बंदूक मात्र पहिल्यांदाच कुणी मागितली.

अन्वर मुकादम मूळचे चिपळूणजवळच्या एका गावचे. अबुधाबीत तेलाच्या विहिरी खणणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनी त्यांना अमेरिकेत पाठवत होती आणि चार राज्यांतल्या ऑफिसांपैकी एक निवडा म्हणत होती: कॅलिफोर्निया, कोलोराडो, ओक्लाहोमा, टेक्सास. महिनाअखेरपर्यंत निवडलं नाही, तर कंपनी पाठवेल तिथे जायचं.

"बंदूक कशासाठी?" मी विचारलं. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. माणूस काय मागतो ते लिहून घ्यायचं आणि मग का मागतो ते विचारायचं.

"अब्बांकडे दुनळी होती," ते म्हणाले. "पीक राखायची. आमच्या भातात रानडुकरं शिरायची. रात्रीत अर्धं शेत नांगरून ठेवायची."

"आणि मारलेल्या डुकराचं काय करायचे?"

"शेजारच्या वाडीत द्यायचे. त्यांच्याकडे मेजवानी, आमच्या शेतात शांतता. पण निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. आणि आपल्याकडे निवडणूक नसते कधी? पंचायत झाली की झेडपी, झेडपी झाली की विधानसभा. ती बंदूक आमच्यापेक्षा फौजदाराला जास्त ओळखायची. अब्बा गेले, लायसन्स गेलं, खलास."

इथे ते सुट्टीच्या दिवशी क्लबात जाऊन मातीच्या उडत्या थाळ्यांवर नेम धरत. नेम चांगला होता, पण बंदूक भाड्याची. "सगळी उमर दुसऱ्याची बंदूक चालवली," ते म्हणाले. "एक आपली पाहिजे, मॅडम. बस."

आता मला बंदुकीतलं काय कळणार? आमच्या घराण्यातलं एकमेव शस्त्र म्हणजे टिकल्यांचं पिस्तूल. मी कंप्युटरवर शोधायला बसले. पहिलंच पान उघडलं नाही, दुसरंही नाही. ऑफिसच्या सिस्टीमने 'शस्त्रे' हा सगळा विभागच बंद करून ठेवला होता. मी चिकाटीने आणखी पाचसहा पानांवर क्लिक केलं. थोड्या वेळाने आयटीतल्या बिजूचा फोन आला.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "घर में सब ठीक है ना?"

पाठोपाठ आमचा बॉस जोसेफ केबिनमधून बाहेर आला. तो बैरूतचा. त्याला गंभीर चेहरा फार वेळ धरता येत नाही. "हबीबती," तो म्हणाला, "आधी मला सांग, कोण त्रास देतंय तुला? आपण बोलून मिटवू."

त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की बिजूलाही वर बोलावून पुन्हा सांगायला लावलं. मग मला त्या पानांची परवानगी मिळाली. त्या आठवड्यात ऑफिसात सगळे माझ्याशी फार सभ्यपणे वागले.

हळूहळू गणित कळलं. काही राज्यांत परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून हिंडता येतं. त्याला परमिटलेस कॅरी म्हणतात. काही राज्यांत विकत घ्यायलाच वाट पाहावी लागते, कागद रंगवावे लागतात. ओक्लाहोमा आणि टेक्सास पहिल्या प्रकारात, कॅलिफोर्निया दुसऱ्या टोकाला. कोलोराडो आधी मोकळं होतं, आता कायदे आवळत चाललंय. मुकादमसाहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओक्लाहोमा. यल्ला, चला, घर बघा."

"घरी विचारलंत?"

"ते तुम्हीच येऊन विचारा," ते म्हणाले. मी गाडी काढून अबुधाबीला गेले.

मुकादमसाहेबांच्या बायकोने, नसीमाभाभींनी, सांज्याचे लाडू आणि चहा पुढे ठेवला आणि थेट मुद्द्यावर आल्या. "ओक्लाहोमात आमचं कोण आहे? मशीद किती लांब? मुंबईला जायचं तर विमानं किती बदलायची?"

"मशीद आहे," मी म्हटलं. "विमानं जास्त बदलावी लागतील."

"आणि हे सगळं एका बंदुकीसाठी."

"छंद आहे गं," मुकादमसाहेब म्हणाले. "लोक गोल्फ खेळतात."

"गोल्फची काठी चुकून सुटत नाही."

तेवढ्यात त्यांची मुलगी झोया आतून आली. अकरावीतली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच. "आंटी, डू दे हॅव लॉकडाउन ड्रिल्स?"

मला प्रश्न कळला. भाभींना कळला नाही, म्हणून मला सांगावं लागलं. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर वर्गाचं दार लावायचं, दिवे घालवायचे, मुलांनी भिंतीपाशी गप्प बसायचं. त्याची तालीम तिथल्या शाळा घेतात.

"ओक्लाहोमात?" भाभींनी विचारलं.

"चारही राज्यांत."

"इव्हन इन द अनफ्रेंडली वन?" झोया म्हणाली.

"तिथेही."

या प्रश्नाला माझ्याकडे पॅकेज नव्हतं. चांगली शाळा दाखवता येते, शांत वस्ती दाखवता येते, एवढंच. मुकादमसाहेब कपातला चहा ढवळत राहिले. साखर ते घालतच नव्हते.

शेवटी भाभीच बोलल्या. "कंपनी पाठवतेय तर जाणं आहेच. तुमची बंदूकही घ्या. पण ती माझ्या घरात येणार नाही."

"मग ठेवू कुठे? झाडावर?"

"ते मॅडम बघतील."

लोकांना घर शोधून देणारी मी, आता एका बंदुकीला भाड्याची खोली शोधू लागले. ओक्लाहोमातल्या क्लबांना फोन केले, भाभींना ओक्लाहोमा पटलं नाही तर असावेत म्हणून टेक्सासमधल्यांनाही केले. टेक्सासच्या एका क्लबातला म्हातारा फोनवर होता. मी विचारलं, तुमच्याकडे सभासदाची बंदूक लॉकरमध्ये ठेवतात का?

"ठेवतो," तो म्हणाला. "पण बहुतेक लोक घरीच नेतात, मॅम."

"याची बायको नको म्हणते."

 तो टोपी काढून बोलावं तशा आदबीने म्हणाला, "यस मॅम. समजलं."

आता सगळं जमलं असं वाटत होतं, तोच कंपनीच्या एचआरचा मेल आला. आधी ते ग्रीन कार्डचं बोलत होते. आता म्हणाले, ग्रीन कार्डला वेळ लागेल, तोवर एल-वन व्हिसावर जा. एल-वन म्हणजे एकाच कंपनीच्या एका देशातल्या ऑफिसातून दुसऱ्या देशातल्या ऑफिसात बदलीचा व्हिसा. तो तात्पुरता असतो. मी आमच्या अमेरिकेतल्या वकीलबाईंना कॉलवर घेतलं. मुकादमसाहेबही होते.

"तात्पुरत्या व्हिसावर बंदूक घेता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "साधारणपणे हातातही घेता येत नाही."

"ओक्लाहोमात?"

"हा देशाचा कायदा आहे, सर. राज्य कितीही फ्रेंडली असो."

"म्हणजे क्लबातसुद्धा नाही?" मुकादमसाहेबांनी विचारलं. 

"एक अपवाद आहे," बाई पुढे म्हणाल्या. "तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना असेल तर चालतं. पण तो हातात येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

कॉल संपल्यावर मुकादमसाहेब म्हणाले, "ताई, मला हसू येतंय की रडू, कळत नाही." तोवर मी मॅडम होते. त्या दिवसापासून ताई झाले.

मग लुक-सी ट्रिप ठरली. जाण्यापूर्वी कुटुंबाने एकदा जाऊन गाव बघून यायचं, मुलगी बघायला जातात तसं. आधी ओक्लाहोमा, मग टेक्सास. मी शारजातल्या घरून फोनवर. ओक्लाहोमाहून भाभींचा एकच मेसेज आला: "माणसं चांगली. वारा फार."

टेक्सासला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. मी ऑफिसला निघाले होते, शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, म्हणजे निवांत ऐकायला वेळच वेळ.

"ताई, बंदुकीच्या दुकानात जाऊन आलो. आपल्याकडे साड्यांचं दुकान असतं ना, तसं. भिंतभर! दुकानदार म्हणतो, घ्या, हातात घेऊन बघा. मी दोन्ही हात खिशात घालून उभा. तो म्हणतो, चावत नाही साहेब. मी म्हटलं, वकील चावते."

"मग?"

"मग त्याने विचारलं, शिकार कसली करणार? मी म्हटलं, गावाला आमच्या भातात रानडुकरं यायची. ताई, तो माणूस काउंटरच्या बाहेर आला! म्हणाला, आमच्याही भातात येतात. इथून तासाभरावर भातशेती आहे, ऐकताय ना? डुकरांनी धुमाकूळ घातलाय. शेतकरी बोलावून नेतात, या म्हणतात, मारा."

 "सगळी दुनिया ओलांडून आलो," ते म्हणाले, "आणि इथेही साली तीच डुकरं."

मागून भाभींचा आवाज आला. "मारलेलं डुक्कर खाणार कोण, ते आधी विचारा. शेजारी शोधावे लागतील."

झोया त्याच दिवशी शाळा बघून आली होती. शाळेतल्या बाईंना तिने तोच प्रश्न विचारला. बाईंनी गोड बोलून उडवून लावलं नाही. कुठून बाहेर पडायचं, घरी निरोप कसा जातो, हे सगळं वर्गात नेऊन दाखवलं. झोयाने फोन घेतला आणि म्हणाली, "इट्स ओके, आंटी. नॉट ग्रेट. ओके." सोळा वर्षांच्या मुलीकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

टेक्सास ठरलं. घरही मीच शोधलं: मशीद जवळ, शाळा चांगली, क्लबाचा लॉकर वाटेवर. रस्ते रुंद, घरं एकसारखी, दारात हिरवंगार गवत. साहेबांनी शिकारीचा कोर्स केला, परवाना काढला आणि एक दुनळी घेतली. ती क्लबातच राहते. त्या भाताच्या शेतावर ते एकदा जाऊनही आले. डुक्कर पळालं, पण साहेब खूश होते. मी फाइल बंद केली. जोसेफने केक आणला आणि त्यावर चॉकलेटचं पिस्तूल काढायला सांगितलं होतं.

काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला. आवाज चिडलेला.

"ताई, ही एचओए काय भानगड आहे?"

एचओए म्हणजे तिथली घरमालकांची सोसायटी.

"काय झालं?"

"गवत चार बोटं वाढलं म्हणून नोटीस. कचऱ्याचा डबा संध्याकाळी आत घेतला नाही म्हणून दुसरी. आता तिसरी आलीय. नसीमाने मागच्या अंगणात जवळा वाळत घातला होता. वास येतो म्हणतात! सगळी कमिटी येऊन उभी राहिली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? जवळा आत घेतला. आणि गवत कापतोय. दर शनिवारी गवतच कापतोय. क्लबात जाऊन दीड महिना झाला."

मी हसू दाबलं आणि सोसायटीच्या नियमांची प्रत मागवून घेतली. त्या राज्यात पिस्तूल कमरेला लावून हिंडायला परवाना लागत नाही. दाराचा रंग बदलायचा तर कमिटीची लेखी मंजुरी लागते.

आता माझ्याकडे कुणी राज्य निवडायला आलं तर मी आधी सोसायटीचे नियम काढून समोर ठेवते. कायदे राज्य करतं, गव्हर्नर त्यावर सही करतो, हे सगळं खरं. पण माणूस राज्यात राहत नाही. तो शेजाऱ्याच्या नाकासमोर राहतो.