अकरा कुत्र्यांचं एक नाक

शहरातल्या निम्म्या पुरुषांकडे एकच कोट होता. काळा, रुंद कॉलरचा, आत निळा टाय. तो त्यांच्यापैकी कुणीच कधी अंगात घातला नव्हता. तो फोटोबाईंच्या काँप्युटरमध्ये राहायचा. नोकरीच्या अर्जाला नाहीतर परवान्याला फोटो हवा असला की लोक मळक्या शर्टातच यायचे. फोटोबाई त्यांना स्टुलावर बसवायच्या, फोटो काढायच्या, मान कापून कोटावर चिकटवायच्या. नवऱ्याने कधीतरी आपला लग्नातला कोट खुंटीला अडकवून त्याचा फोटो काढून ठेवला होता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. कोट अजून रोज कामावर येत होता.

स्टुडिओ एका खोलीचा. पुढे काउंटर, पडद्यामागे स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे, एक पांढरं कापड आणि एक निळं. त्यामागे राहायची खोली आणि मोरीला खेटून स्वयंपाकाचा ओटा. सगळं भाड्याचं. वरच्या मजल्यावर घरमालकीण. लग्न होऊन आल्या तेव्हा फोटोबाईंना डार्करूमच्या लाल दिव्याची भीती वाटायची. पुढे त्यांनीच तिथे बसून हजारो चेहरे धुतले. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब गेली. नवरा त्याहून लांब.

आणि रोल.

एक जोडपं व्हिसाचे फोटो काढायला आलं होतं. सोबत टोपलीत पिल्लू. "काकू, दोनच दिवस सांभाळा," म्हणाले. त्या दोन दिवसांना सात वर्षं झाली. पिल्लू अंग मुडपून झोपायचं, गुंडाळलेल्या फिल्मसारखं. म्हणून रोल. त्याची जात कुठली हे फोटोबाईंना तो चार महिन्यांचा होईपर्यंत कळलंच नाही. मग डोकं हंड्याएवढं झालं, छाती पिंपासारखी झाली, आणि लोक काउंटरपासून दोन पावलं मागे उभे राहायला लागले. पण तान्ही मुलं रडायची थांबायची. कॅमेऱ्याशेजारी रोल बसला की मूल टक लावून त्याच्याकडे बघायचं, आणि फोटो सरळ यायचा. "माझा असिस्टंट," फोटोबाई सांगायच्या. "पगार नाही, सुट्टी नाही, तक्रार नाही."

मग कायदा आला.

तो उगाच आला नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका कुत्र्याने सहा वर्षांच्या मुलीला धरलं. मुलगी वाचली. तिचा हात वाचला नाही. नगरपालिकेने तीन जातींची यादी केली आणि पुढे लिहिलं, "व तत्सम दिसणारे". अशा प्रत्येक कुत्र्याची दोन महिन्यांत नोंद करायची. अर्जासोबत दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. फोटो बघून समिती ठरवणार. यादीत बसला, तर बाहेर तोंडाला जाळी, घर स्वतःचं आणि भोवती पुरुषभर उंचीची भिंत. घर भाड्याचं असेल, तर मालकाची लेखी संमती. नसेल, तर कुत्रा हद्दीबाहेर न्यायचा, नाहीतर पालिकेच्या कोंडवाड्यात द्यायचा.

फोटोबाई त्याच दिवशी वर गेल्या.

घरमालकीणबाई हाताने कापूस पिंजत बसल्या होत्या, उशीत भरायला. रोल नेहमीप्रमाणे जाऊन त्यांच्या पायांशी पसरला.

"मावशी, सही हवी होती."

घरमालकीणबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग घडी घालून परत दिला.

"अगं, हा माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो. मला काय माहीत नाही? पण सही म्हणजे जबाबदारी. माझं वय काय? उद्या कुणी कोर्टात ओढलं, तर जाऊ मी?"

"तो काही करणार नाही."

"त्या मुलीच्या शेजाऱ्यांनाही असंच वाटलं असेल."

फोटोबाई खाली आल्या.

दोन दिवसांनी बँकेतले निवृत्त शिपाई आले. सोबत त्यांची कुत्री, दोरीला बांधलेली. घर स्वतःचं, पण भोवती भिंत म्हणून कमरेएवढी मेंदी. बायको गेल्यापासून घरात ती कुत्री आणि ते. स्टुलावर कुत्रीला बसवता बसवता शिपाई घामाघूम झाले.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही माणसाला कोट घालता. हिला जरा... म्हणजे जबडा थोडा कमी करता येईल का?"

फोटोबाई हसल्या. शिपाई हसले नाहीत.

दुपारी दुकान बंद करून त्या काँप्युटरसमोर बसल्या. दारापाशी एक रस्त्यावरचं कुत्रं रोज ऊन खात पडायचं. हडकुळं, लांब तोंडाचं, नाकाच्या डाव्या बाजूला फिकट ठिपका. फोटोबाईंनी त्याचे दोन फोटो काढले. त्याचं तोंड कापलं, शिपायांच्या कुत्रीला बसवलं. रंग जुळवला, कडा पुसल्या. पडद्यावर एक साधंसुधं, कुठल्याही जातीचं नसलेलं जनावर उभं राहिलं.

मग त्यांनी रोलचा फोटो उघडला. बराच वेळ नुसता बघत राहिल्या. आणि त्यालाही तेच तोंड लावलं.

बातमी पसरायला किती वेळ लागतो? शिपायांनी बेकरीवालीला सांगितलं. बेकरीवालीने व्यायामशाळेतल्या पैलवानाला. हा पैलवान दोन वर्षांपूर्वी आपला कुत्रा घेऊन आला होता. तेव्हा गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता आणि फर्माईश होती, "ताई, डेंजर आला पाहिजे. बघूनच समोरच्याची टरकली पाहिजे." त्याच कुत्र्याला आता त्याने आजीच्या शालीत गुंडाळून आणलं.

"ताई, गरीब दिसला पाहिजे. दात अजिबात नको."

"आणि तो पट्टा?"

"कुठला पट्टा?" पैलवान म्हणाला.

तीन आठवड्यांत अकरा कुत्रे झाले, रोल धरून. प्रत्येक वेळी फोटोबाई नवं तोंड शोधायला बसायच्या आणि हाताशी असलेलंच घ्यायच्या. कोटाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. एकाच कोटातले दोन भाऊ एकाच कचेरीत नोकरीला लागले, तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कोण कशाला दुसऱ्याचा फोटो इतका बघतं?

परवाना विभागातला कारकून बघत होता. त्याला पगारच त्याचा मिळायचा.

एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो स्टुडिओत आला. डबाही सोबत होता, न उघडलेला. काउंटरवर त्याने एकेक करत दहा फोटो मांडले. पत्ते लावावेत तसे.

"ताई, काय दिसतं?"

असे शेजारी शेजारी फोटोबाईंनी ते कधी बघितलेच नव्हते. दहा अंगं. काळी, तपकिरी, ठिपक्यांची. आणि एक नाक.

"हा बघा," कारकुनाने बोट ठेवलं, "याचा ठिपका उजवीकडे. मी म्हटलं, चला, एक तरी वेगळा. मग कळलं, उलटा करून लावलाय."

"साहेब..."

"साहेब नका म्हणू. माझ्या ओळखपत्रावरही तुमचाच कोट आहे." तो हसला नाही. "ताई, यातल्या एकाने उद्या एखाद्या पोराला धरलं, तर? लोक विचारतील, हा यादीत का नव्हता? मी काय सांगू? नाक चुकलं?"

बाहेर ते रस्त्यावरचं कुत्रं उन्हात पडलं होतं. त्याचं तोंड शहरभर लागलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

कारकुनाने फोटो गोळा केले. "मी वर काही पाठवलेलं नाही. शुक्रवारी समिती बसते. त्याच्या आत दहाही जणांचे खरे फोटो आणा. मी जुने फाडून टाकतो. विषय संपला."

"दहा?"

कारकून डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. "तुमचा पहिल्या बैठकीतच झाला. सही होऊन फाईल कपाटात गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं." मग हळूच म्हणाला, "ते कपाट मी काही उघडत नाही."

तो गेल्यावर फोटोबाई स्टुलावर बसल्या. लोकांना बसवायचं स्टूल, त्यावर त्या कधी बसत नसत. रोलने येऊन गुडघ्यावर डोकं ठेवलं. आपला वाचला, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. त्याची लाज वाटत होती, आणि तरीही तेच येत होतं.

मंगळवारी आणि बुधवारी त्या दहा घरी गेल्या. दार वाजवायचं, झालेलं सांगायचं, ऐकून घ्यायचं. बेकरीवाली कणकेचे हात तसेच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मग आता काय करायचं?" तिला उत्तर नको होतं, तिने दार लावून घेतलं. पैलवानाच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, परवाच कुत्र्याला घेऊन गेला, बहुतेक हद्दीबाहेर मामाकडे. एकाने शिव्या दिल्या. एकाने चहा दिला, तो शिव्यांपेक्षा जड गेला.

शिपाई शेवटी. मेंदीच्या आत खड्डा खणलेला होता, कडेला विटांची रास. म्हणजे त्यांनी भिंतीचा विचार आधीपासूनच चालवला होता. सत्तरीचा माणूस, एकटा, कुदळ हातात.

त्यांनी सगळं ऐकलं. कपाळाचा घाम बाहीने पुसला.

"दहा म्हणालात."

"हो."

"तुमचा धरून अकरा होतात."

फोटोबाई विटांच्या राशीकडे बघायला लागल्या.

"म्हणजे तुमचा पास," शिपाई म्हणाले. आवाज चढवला नाही. "असू दे. निदान एक तरी. मी बँकेत पस्तीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर बसलो, बाई. दार कुणाला उघडं आणि कुणाला बंद, मला नवीन नाही."

ते पुन्हा खणायला लागले. कुत्री खड्ड्यात उतरून त्यांच्याबरोबर माती उकरत होती.

गुरुवारी सकाळपासून लोक आले. दहापैकी आठ. पैलवान आलाच नाही, आणि एकाने आपला कुत्रा कोंडवाड्यात देऊन टाकला होता. तसं कळवायला त्याची मुलगी आली होती. ती काउंटरपाशीच उभी राहिली आणि निघून गेली.

फोटोबाईंनी कुणाचे पैसे घेतले नाहीत. पांढरं कापड, सरळ प्रकाश. बाजूचा फोटो काढताना मालकाने कुत्र्यापलीकडे गुडघे टेकून बसायचं, कापडाआडून पट्टा धरायचा. जबडे होते तसे आले. छात्या होत्या तशा आल्या. बेकरीवालीच्या कुत्र्याच्या कानाला एक खाच होती, ती आधीच्या फोटोत त्यांनी बुजवली होती. आता ती दिसत होती.

शिपाई शेवटचे. त्यांचं झालं. कुत्रीला दोरी बांधून ते निघाले. पडद्यापर्यंत पोचले.

"काका, जरा थांबता?" फोटोबाई म्हणाल्या. "धरायला एक माणूस हवा."

शिपायांनी वळून बघितलं. स्टुलाजवळ रोल बसला होता. रोज दुसऱ्यांच्या वेळी बसायचा तसा, फक्त आज कॅमेऱ्याच्या समोर.

"त्याची सही झालीय ना?"

"झालीय."

"वरच्या बाईंनी संमती..."

"नाही दिली."

"मग कुठे जाईल तो?"

"दिराची वीटभट्टी आहे. हद्दीबाहेर." फोटोबाईंनी दिव्याची छत्री थोडी खाली केली. "डाव्या हाताने धरा. तुमची बोटं दिसतायत."

शिपाई गुडघ्यांवर बसले. गुडघे कटकन वाजले. त्यांनी बोटं आत घेतली.

शुक्रवारी कारकुनाने नऊ पाकिटं मोजली आणि नववं, वरचं नाव वाचून, न उघडताच परत सरकवलं. फोटोबाईंनी ते पुन्हा पुढे केलं. त्याने पुन्हा सरकवलं.

"ताई, हे कुणी मागितलेलं नाही."

"म्हणून तर मी आणून दिलं."

मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "आटपा की." कारकून उठला. कपाट उघडलं.

समितीला रोलवर अर्धं मिनिटही लागलं नाही.

रविवारी सकाळी दीर टेम्पो घेऊन आला. फोटोबाईंनी रोलची ताटली, पांघरूण आणि नवी जाळी एका पिशवीत भरून दिली. दिराला सांगितलं, साखळी लांब ठेव, भट्टीकडे जाऊ देऊ नकोस, रात्री आत घे. दीर प्रत्येक गोष्टीला "हो वहिनी" म्हणत होता. घरमालकीणबाई वरच्या खिडकीत होत्या. खाली आल्या नाहीत.

रोलला चढवावं लागलं नाही. गाडीत बसायला त्याला नेहमीच आवडायचं. दार उघडताच तो उडी मारून आत गेला, आणि सीटवर पलीकडे सरकला, फोटोबाईंना जागा करून.