रिंगणीचा धूर

महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाण्याआधी आमच्या पलटणीचा तळ लोणावळ्याजवळ होता. सराव मावळच्या डोंगरात चाले. मी मॉर्टर प्लॅटूनचा सिग्नल हवालदार होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच, म्हणून जवान मला 'बीए हवालदार' म्हणत. मला तळेगावच्या शाळेत आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात ठेवण्यासाठी आईने लोकांच्या खाचरात भात लावला होता. त्या शिक्षणामुळेच वायरलेस सेट माझ्या हाती आला, हे मी कधी विसरलो नाही.

सकाळी पी.टी., मग परेड, मग हत्यारांची सफाई, असा दिवसाचा क्रम. प्रत्येक जवानाला टूथब्रश मिळाला होता. किट इन्स्पेक्शनला तो ब्लँकेटवर मांडायचा. दात मात्र सगळे राखुंडीने नाहीतर मिश्रीने घासत. रायफलच्या बोल्टमधली घाण काढायला त्या ब्रशासारखी दुसरी वस्तू नाही, यावर साऱ्या प्लॅटूनचं एकमत होतं.

मेडिकल ऑफिसरच्या हुकमावरून मी एकदा दातांवर लेक्चर दिलं. जेवल्यावर चूळ भरा, झोपताना दात घासा, मिश्री सोडा.

मागून सिपाही ज्ञानू म्हणाला, "हवालदार, ब्रशानं दात घासला तर रायफल कशानं घासू? तपासनी तर रायफलची हुतीया."

सुभेदारसाहेबसुद्धा हसले. ज्ञानू हसला नाही. त्याच्या गालात लवंग होती.

ज्ञानू मळवलीजवळच्या एका वाडीतला. लेक्चर संपल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाढ लय ठणकतीया. पर सायबाला सांगू नगा. पुन्याच्या इस्पितळात धाडत्याल, अन् पलटन निघून जाईल."

त्याची भीती खोटी नव्हती. आधी आजारी पडलेले दोघे बरे झाल्यावर दुसऱ्याच युनिटला गेले होते. मी त्याला लवंगेचं तेल आणून दिलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. थोडा वेळ बरं वाटे, मग पुन्हा ठणका सुरू. एके दिवशी दुखणं आपोआप थांबलं आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजला. हे बरं होण्याचं लक्षण की बिघडण्याचं, ते मला सांगता येईना.

शेवटच्या सरावाला खरे बॉम्ब होते. लोहगडाच्या पायथ्याशी, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत एक रिकामं खोपट होतं. तेच टार्गेट. आदल्या दिवशी आसपासच्या वाड्यांत दवंडी दिली होती. खोपटाखालच्या पायवाटेवर लाल झेंडा देऊन ज्ञानूला उभं केलं. फायरिंग दहा वाजता होतं. पण धुकं लवकर विरलं आणि मेजरसाहेबांनी वेळ अलीकडे घेतली. सेन्ट्रीला कळवायला रनर गेला. परत येऊन म्हणाला, "झेंडा जागेवर आहे."

"मग ठीक," सुभेदारसाहेब म्हणाले.

झेंड्याजवळ माणूस होता का, हे कोणी विचारलं नाही.

मॉर्टर टेकडीमागे होत्या; सेटवर त्यांना 'बेकर' म्हणायचं. मी मेजरसाहेबांबरोबर पुढच्या सोंडेवर, सेट घेऊन. पहिला बॉम्ब धुराचा टाकायचा, तो टार्गेटवर पडला की स्फोटाचे.

"बेकर, फायर. ओव्हर," मी म्हणालो.

सेटवर नुसती खरखर. तेवढ्यात खोपटातून धूर निघाला.

"शाबास. पहिल्याच फेरीत," मेजरसाहेब म्हणाले. "आता स्फोटाचे. तीन राउंड."

मी हुकूम पुढे देणार तोच सेट बोलला. "बेकर बोलतोय. मिसफायर. बॉम्ब नळीतच आहे. ओव्हर."

"साहेब, आपला बॉम्ब सुटलाच नाही."

"मग तिथे काय जळतंय?"

धूर तर डोळ्यांसमोर होता. मेजरसाहेबांनी दुर्बीण लावली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लावली.

"स्टॉप," ते म्हणाले.

"बेकर, स्टॉप. फायर करू नका. ओव्हर."

दुर्बिणीतून खोपटाच्या दारात एक बाई दिसली. मी उतारावरून धावत सुटलो.

आत ज्ञानू डोक्यावरून ब्लँकेट घेऊन बसला होता. पुढ्यात दवानं भिजलेल्या गोवऱ्यांचा विस्तव. त्यावर तुपात घोळलेल्या भुईरिंगणीच्या बिया टाकून, तो धूर नळीने दाढेला दिला की आतली कीड गळून पडते, असा आमच्याकडचा उपाय. नळी त्याच्या आईने धरली होती.

"मावशी, दवंडी ऐकली नाही?" मी विचारलं.

"ऐकली की. दहाला हाय म्हनलं. तवर हुतंय आमचं." तिने पाण्याचं भांडं माझ्यापुढे केलं. "ह्या बगा किडी."

पाण्यात पांढरे कण तरंगत होते. किडी की बियांची टरफलं, मला ओळखता आलं नाही.

"थांबलं बगा, हवालदार," ज्ञानू म्हणाला. "पार थांबलं."

"टेकडीमागे बॉम्ब अजून नळीतच आहे. चला बाहेर."

त्याच्या आईने आधी विस्तवावर पाणी ओतलं, मग निघाली.

मेजरसाहेबांनी ज्ञानूचा गाल पाहिला आणि त्याला पुण्याला पाठवलं. जागा सोडल्याची शिक्षा तिथून आल्यावर, असं सांगितलं. तिथे दाढ काढली. तो वेळेत परत आला, शिक्षा भोगली आणि आमच्याबरोबर गाडीत चढला. सगळ्या डब्याला तोंड उघडून खळगा दाखवत होता.

ब्रह्मदेशात एका टेकडीवर आमच्या मॉर्टरच्या खड्ड्यातून धूर निघाला. तो आमचा की शत्रूचा, हे मला क्षणभर कळलं नाही. खड्ड्यात ज्ञानू होता.

लढाई संपल्यावर मी त्याच्या वाडीला गेलो. त्याच्या आईने चहा केला. कुठे, कसं, काही विचारलं नाही. तो इस्पितळात राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मी वाटेत पुष्कळ केला होता. तो तिच्यापुढे मांडावा की नाही, ते ठरत नव्हतं. मी चहा संपवला.

मी निघताना ती दारात आली.

"त्याची दाढ पुन्यांदा दुखली का रं?"

दाढ काढल्याचं त्याने तिला कळवलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

"न्हाई, मावशी. एकदाबी न्हाई."

"मग बरं," ती म्हणाली.