दोन वर्षांची डिग्री

हुपरीहून कोल्हापूरला येताना एसटीत एक बाई शेजारी होत्या. घरी पैंजणाच्या कड्या जोडायची सवय झालेली त्यांची बोटं रिकामीही हलत होती.

"पोरगी बारावी झाली. यमेस्सी दोनच वर्साची हाय. मग लगीन," त्या जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या.

मी पडलो मास्तर, गप्प बसवेना. "मावशी, एमएस्सीच्या आधी बीएस्सी लागते. ती वर्षं वेगळी!"

बोटं थांबली. "हळू बोला की, पावणं," त्या कुजबुजल्या. "मला ठाव हाय. पुढच्या शिटावर तिचा बाप बसलाय."

तेवढ्यात बाप वळला. "किती वर्सं म्हणाला?"

"दोनच," मी म्हणालो.

शेजारची बोटं पुन्हा हलू लागली.