ध्रुपदाच्या मागून

पनवेलच्या नाट्यगृहात आज कॉलेजच्या मुलांसाठी संगीत नाटकाचा मोफत प्रयोग होता. आत शिरताना मिशा चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास आला आणि मी थेट नेऱ्याच्या शाळेच्या पटांगणात जाऊन पोचले.

तेव्हा मी एका नाटक मंडळीत ऑर्गनवर साथीला होते. त्या गावाने संगीत नाटक कधी पाहिलं नव्हतं. आमच्या नायिका मालतीताई गाताना कुणी खोकलं तरी चिडायच्या. त्यांनी पदाचं ध्रुपद म्हटलं आणि भजनात बुवांच्या मागून म्हणतात तसं अख्ख्या पटांगणाने ते उचललं. ताई थांबल्या. माझे हात पट्ट्यांवरच राहिले.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "थांबलीस का गो बाय? तू म्हन, आमी हाय ना मागं."

ताईंनी शालू सावरला. मग मंचाच्या कडेला बसल्या आणि एकेक ओळ सांगू लागल्या. त्यांचा आवाज इतका मोकळा मी पुन्हा ऐकला नाही.

आजची मुलं शहाण्यासारखी गप्प बसून ऐकत होती. मी मात्र प्रत्येक ध्रुपद संपलं की कान मागे लावून बसत होते.